विषय क्रमांक सात

"कमान?" मी म्हणाले. "कसली कमान?"

पोतदारसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अवघड प्रश्न आला की त्यांचा चष्मा हमखास मळायचा. "बाजाराच्या तोंडाशी. स्वागत कमान. दगडी आहे. दोन्ही बाजूंना सिंह बसवायचेत."

"आणि संडास?"

"मंदाताई, हळू बोला. बाहेर सभासद बसलेत."

"बसू देत. संडासाचं काय झालं ते सांगा."

हळू बोलणं मला जन्मात जमलेलं नाही. आमच्या घरात सगळ्यांचेच आवाज मोठे, त्यात माझा सर्वांत मोठा. या आवाजापायीच आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत माइकवर विषयपत्रिका वाचायचं काम दरवर्षी माझ्याकडे यायचं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सभा होती. पोतदारसाहेब संस्थेचे मॅनेजर. त्यांनी विषयपत्रिका माझ्या हातात ठेवली, मी ती वरून खाली वाचत गेले आणि विषय क्रमांक सातवर थांबले.

पंचवीस वर्षं होऊन गेली या गोष्टीला. मी तेव्हा संस्थेची पिग्मी एजंट होते. रोज गावातली दुकानं, टपऱ्या, हातगाड्या फिरायच्या, प्रत्येकाकडून पाच-दहा रुपये घ्यायचे आणि त्याच्या खात्यात भरायचे, हे माझं काम. मंगळवारी आमच्याकडे मोठा बाजार भरतो. आजूबाजूच्या वाड्यांवरून दीड-दोनशे बायका भाजी, मिरची, अंडी घेऊन येतात. पहाटे निघतात, दिवस मावळल्यावर घरी पोचतात. आणि एवढ्या बाजारात बायकांना जायला जागा नव्हती. पुरुष कुठल्याही भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. बायकांनी काय करायचं? सकाळपासून पाणी प्यायचं नाही, आणि कळ आलीच तर ओठ दाबून बसून राहायचं.

संस्था काढली ती अण्णांनी. अण्णा खरंच भला माणूस. जाताना त्यांनी आपला मळा विकून आलेले पैसे संस्थेत कायम ठेवीत टाकले होते, आणि त्या ठेवीच्या व्याजातून दरवर्षी गावाचं एक काम करायचं, असं लिहून ठेवलं होतं. एसटी स्टँडवरचे बाक, शाळेतली पाण्याची टाकी, स्मशानातली शेड, सगळं अण्णांच्या निधीतून झालेलं. प्रत्येकावर लाल अक्षरात 'कै. अण्णांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं असायचं. त्या वर्षी त्या निधीतून बाजारात बायकांसाठी चार संडास बांधावेत, असा अर्ज मी लिहिला होता. तीन महिने बाजारात फिरून एकशे एक्केचाळीस बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले होते. बऱ्याच जणींचं बोट धरून मीच शाई लावली होती. आणि संचालकांच्या बैठकीत अर्ज पास झाला, असं याच पोतदारांनी मला पेढा खात सांगितलं होतं!

"साहेब, तुम्हीच म्हणाला होतात ना, पास झाला म्हणून?"

"झाला होता. नंतर दादांनी बदलला."

"का?"

पोतदारांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. "ते तुम्ही दादांनाच विचारा. मी नोकरमाणूस आहे."

मी विषयपत्रिका पिशवीत कोंबली आणि निघाले. माझ्या डोक्यात नुसती सणक भरली होती.

दादा म्हणजे अण्णांचे थोरले चिरंजीव आणि संस्थेचे चेअरमन. त्यांचं खताचं दुकान होतं. गल्ल्यामागे अण्णांचा हार घातलेला फोटो, आणि त्याच्याखाली दादा. मला बघून हसले.

"या मंदाताई. चहा सांगू?"

"चहा नको. दादा, संडास का रद्द केले?"

दुकानात दोन शेतकरी युरियाची पोती मोजून घेत होते, ते थांबून बघायला लागले. दादांचं हसू आवळलं. "रद्द कुठं केले? पुढच्या वर्षी बघू की."

"या वर्षी काय अडचण आली?"

"तुम्ही बसा तरी."

"मी उभी बरी आहे."

दादांनी एकदा अण्णांच्या फोटोकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ताई, निधीतनं केलेल्या प्रत्येक कामाला अण्णांचं नाव द्यायचं, असा ठराव आहे. तुम्हाला माहीत आहे ना? आता तुम्हीच सांगा, संडासावर माझ्या बापाचं नाव लिहू? उद्या गावातली पोरं काय म्हणतील? 'अण्णांत जाऊन येतो' म्हणतील. चालेल तुम्हाला?"

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला हसू आलं होतं. पोरं तसं म्हणालीच असती. पण हसू आलं म्हणून राग कमी झाला नाही.

"स्मशानातल्या शेडवर आहे ना त्यांचं नाव? तिथं प्रेतं जळतात. ते चालतं?"

"ते पुण्याचं काम आहे."

"आणि हे?"

"हे... हे वेगळं आहे."

"मग नाव न घालता बांधा."

"अण्णांचा पैसा आणि अण्णांचं नाव नाही, असं या जन्मी होणार नाही." दादा आता चिडले होते. "आणि मला एक सांगा, इतकी वर्षं बाजार भरतोय. बायका येतातच की. आत्ताच काय एवढं झालं?"

"तानूबाईचं काय झालं, ते माहीत नाही तुम्हाला?"

"कोण तानूबाई?"

तानूबाई ही डोंगरापलीकडच्या वाडीची मेथीवाली. साठीची बाई, काटक, तोंडाने फटकळ. तीस वर्षं तिनं एक मंगळवार चुकवला नव्हता. त्या वर्षीच्या मे महिन्यात भर बाजारात तिच्या पोटात कळ आली. गोडाऊनच्या मागे गेली, तर तिथं हमाल पत्ते खेळत बसलेले. परत फिरली, नदीकडे निघाली, आणि भांड्यांच्या दुकानांपाशी, भर पेठेत, सगळ्यांच्या समोर तिचं लुगडं भरलं. काही जण हसले. कुणीतरी नाकाला रुमाल लावला. तानूबाईनं टोपली तिथंच सोडली आणि मान खाली घालून गावाबाहेर चालत गेली. ती त्या दिवसापासून बाजारात आली नव्हती. दुसऱ्या मंगळवारपासून मी सह्या गोळा करायला लागले होते.

हे सगळं मी दादांना सांगितलं. दादांनी ऐकलं, मग युरियावाल्यांकडे बघून डोळा मिचकावला आणि म्हणाले, "म्हातारीचं पोट बिघडलं, त्याला संस्था काय करणार? आदल्या दिवशी वांगी जास्त झाली असतील."

युरियावाले खो-खो हसले.

दुकानातलं वजनाचं माप उचलून त्यांच्या डोक्यात घालावं असं वाटलं. मी तशीच बाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून आवाज फुटला नव्हता.

सभा मंगल कार्यालयात होती. चारशे माणूस जमलं होतं. आमच्या सभेला गर्दी व्हायची ती जिलबीसाठी, आणि त्या वर्षी तर प्रत्येक सभासदाला स्टीलचा डबा भेट मिळणार होता. पुढच्या खुर्च्यांवर व्यापारी, मधे शेतकरी, आणि सगळ्यांत मागे सतरंजीवर बाजारातल्या बायका. त्याही सभासद होत्या. कर्ज पाहिजे तर सभासद व्हावंच लागतं. आचारी मागच्या अंगणात जिलब्या तळत होता आणि त्याचा वास सभागृहात भरला होता.

ज्यांनी पतसंस्थेची सभा बघितली नाही त्यांना सांगते. तिथं कुणी काही ऐकत नाही. विषय वाचणारा 'विषय क्रमांक एक' एवढं म्हणतो, आणि अर्ध्या वाक्यातच सभागृह ओरडतं, "मंजूर, मंजूर!" सूचक कोण, अनुमोदक कोण, हेही ठरलेलं. आमच्याकडे वर्षानुवर्षं सूचक सुतारमामा आणि अनुमोदक फळांचे व्यापारी बागवानशेठ. दोघंही पहिल्या रांगेत बसून हात वर करायचे, की झालं. ताळेबंद असो, नफावाटणी असो, सगळं त्याच एका दमात मंजूर. जिलबी गरम असेपर्यंत सभा संपली पाहिजे, एवढीच सगळ्यांची इच्छा.

मी माइकपाशी गेले. डाव्या बाजूला व्यासपीठावर दादा, पाहुणे आणि संचालक. माझ्या शेजारी टेबलावर पोतदारसाहेब इतिवृत्ताची वही उघडून बसलेले. देवाशपथ सांगते, माझ्या मनात काही नव्हतं. फार तर विषय सात वाचून झाला की, 'मला यावर बोलायचं आहे' असं म्हणायचं, एवढंच ठरवलं होतं. बोलू दिलं नसतंच.

"विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून..."

"मंजूर! मंजूर!"

"विषय क्रमांक दोन, सन..."

"मंजूर!"

तिसरा, चौथा, पाचवा, सहावा असाच गेला. पाचव्याला तर मी 'विषय' म्हणायच्या आधीच मागून कुणीतरी मंजूर करून टाकला. दादा शेजारच्या पाहुण्यांशी बोलण्यात दंग होते. तिकडेच बघत त्यांचाही एक हात प्रत्येक वेळी वर जात होता.

मी कागदावर बघितलं. सात. स्वागत कमान, दोन सिंह. मग मागे सतरंजीवर बघितलं. तिथं त्या बायका मांडीवर डब्याची कुपनं घेऊन बसल्या होत्या. अंगठा दिला म्हणजे काम झालं, असं समजून आलेल्या. त्यांच्या तोंडाला आपण पानं पुसायची, आणि तीही माझ्या आवाजात?

मी कागद खाली ठेवला.

"विषय क्रमांक सात," मी म्हणाले, आणि एकेक शब्द मोजून पुढे वाचत गेले, "अण्णांच्या निधीतून, मंगळवारच्या बाजारात, बायकांसाठी, चार संडास बांधणे."

"मंजूर! मंजूर!"

सुतारमामांचा हात वर. बागवानशेठचा हात वर. आणि दादांचासुद्धा!

"सूचक सुतारमामा, अनुमोदक बागवानशेठ. चेअरमनसाहेबांनीही हात वर केलेला आहे," मी माइकवर म्हणाले. "साहेब, लिहून घ्या."

पोतदारांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. त्यांनी दादांकडे बघितलं. दादांनी पोतदारांकडे बघितलं. मग दादा उठून उभे राहिले. "थांबा, थांबा. काय वाचलं? ताई, काय वाचलंत तुम्ही?"

"विषय सात."

"विषय सात कमानीचा आहे!"

आता सभागृह जागं झालं. कुजबूज सुरू झाली. पोतदार धावत आले आणि त्यांनी माइक माझ्या हातातून ओढायचा प्रयत्न केला. "सभासदहो, वाचताना जरा चूक झालेली आहे..."

"कसली चूक?" मागून एक बाई ओरडली. "आमी मंजूर केलंय!"

"व्हय! मंजूर झालंय!" सतरंजीवरच्या सगळ्याच उभ्या राहिल्या.

मी माइक सोडला नाही. पोतदार एकीकडून ओढतायत, मी दुसरीकडून. शेवटी मीच म्हणाले, "ठीक आहे! कमानीचा विषय वाचते. तोही सभेपुढे येऊ द्या." आणि जसा छापला होता तसा वाचला. दगडी कमान, दोन सिंह, वर अण्णांचं नाव. "मंजूर आहे का?"

चारशे माणूस, आणि आचाऱ्याच्या झाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला. सगळ्या माना बायकांकडे वळल्या होत्या. आपल्याच घरातल्या कुणी ना कुणी तिथं उभ्या आहेत, हे पुरुषांना तेव्हा दिसलं असावं. मग सुतारमामा खाकरले. ऐंशीला टेकलेला माणूस, अण्णांचा बालमित्र.

"दादा," ते म्हणाले, "कमानीखालनं बायका आत येतील, ते खरं. पर आत आल्यावर बसतील कुठं?"

आधी एक जण हसला, मग दहा हसले, मग सगळं सभागृह. आदल्या दिवशी युरियावाले हसले होते तसंच हसू, फक्त आता ते दादांवर होतं. दादा लालबुंद झाले. टेबलावर हात आपटून म्हणाले, "बांधा! पण माझ्या बापाचं नाव त्याच्यावर लागणार नाही!"

"नका लावू," मी म्हणाले. "साहेब, तेही लिहून घ्या."

सोमवारी सकाळी मी संस्थेत गेले, तर पोतदारांनी माझ्याकडून पिग्मीचं पुस्तक आणि पिशवी मागून घेतली. "दादांचा निरोप आहे," एवढंच म्हणाले. मी दोन्ही टेबलावर टाकली. वाईट वाटलं नाही असं नाही. घरात कमावणारी मीच होते. पण खरं सांगायचं तर मी हवेत होते. बाहेर पडले, आणि घरी न जाता तशीच डोंगराची वाट धरली. मला तानूबाईला सांगायचं होतं. मला तिचा चेहरा बघायचा होता.

तानूबाई दारात बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. बाजारात येत नव्हती तरी जुड्या बांधत होती. सून घेऊन जायची म्हणे. मला बघून तिनं हात थांबवला नाही.

"तानूमावशी, मंजूर झालं!"

"काय?"

"संडास. बाजारातले. सभेत मंजूर झाले, चारही." मी धापा टाकत सगळं सांगितलं. माइक, सुतारमामा, दादांचा वर गेलेला हात. कुणीही हसलं असतं. तानूबाई जुड्या बांधत राहिली.

"बरं झालं," ती म्हणाली.

"दादांनी मला कामावरनं काढलं."

"आसं व्हय?"

"हो. पण मला त्याचं काही नाही. तुमच्यासाठी मी..."

"माज्यासाठी?" तिनं आता मान वर केली. "मग तू माज्याकडं काय मागाया आलीयास?"

"मी त्या दिशी लगीच नदीकडं न्हवते निघाले," तानूबाई म्हणाली. "लोकांस्नी तसं वाटतं. मी आदी तुमच्या बँकंत आलते. आठीवतंय का? का समदं सांगितलंस आन् तेवडं सांगायचं राहिलं?"

राहिलंच होतं. दादांना सांगताना राहिलं होतं. अर्जात लिहिताना राहिलं होतं. एकशे एक्केचाळीस बायकांना सांगताना राहिलं होतं, आणि आत्ता तुम्हाला सांगतानाही इथपर्यंत राहिलं.

त्या मंगळवारी शिपाई रजेवर होता आणि मी काउंटरवर बसले होते. संस्थेच्या मागे संडास होता. कुलूप लावलेला, चावी ड्रॉवरमध्ये. बाहेरच्या माणसाला द्यायची नाही, अशी पोतदारसाहेबांची सक्त ताकीद. तानूबाई दारात आली. पोटावर हात धरला होता, कपाळाला घाम. "पोरी, तेवडी चावी दे," म्हणाली. मी म्हणाले, "मावशी, साहेब रागावतील हो." एवढंच बोलले. मोठ्यानेसुद्धा बोलले नाही. ती एक क्षण उभी राहिली आणि वळून गेली.

"मावशी, साहेबांनी सांगितलं होतं..."

"सायेब कुटं व्हता तितं? दारात मी व्हते आन् आत तू व्हतीस. ल्हान व्हतीस तवापासनं तुला बगते. दर मंगळवारी येऊन मावशी-मावशी म्हणत पैसं न्यायचीस." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मला आवाजाची सवय आहे. "लोकं हासली त्याचं मला काय बी न्हाई. ती परकी. तुजा मला राग हाय, मंदे. तू समदा बाजार बांधून दिलास तरी ऱ्हानार हाय."

मी तिथंच ओट्यावर बसले आणि रडले. तिनं रडू दिलं. जवळ आली नाही, जा म्हणूनही म्हणाली नाही. शेवटी मीच डोळे पुसून विचारलं, "बांधून झाले की मंगळवारी याल ना?"

"येईन की. का न येऊ? माजी जागा हाय तितं."

फेब्रुवारीत संडास बांधून झाले. अण्णांच्या निधीतलं तेवढं एकच काम गावात बिननावाचं आहे. तानूबाई पहिल्याच मंगळवारी आली आणि आपल्या जागेवर पोतं अंथरून बसली. पुढं बारा वर्षं, मरेपर्यंत, येत राहिली. मी दर मंगळवारी तिच्याकडूनच मेथी घ्यायचे. ती जुडी द्यायची, पैसे घ्यायची, सुटे परत करायची. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.